निळ्या सायकॅडची पानं पावसाळ्यात पिवळी पडली, आता काय करावं?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी 'वाळवंटी सायकॅड' (सायकॅड म्हणजे ताडासारखी दिसणारी, पण ताड नसलेली वनस्पती) म्हणून निळसर, काटेरी पानांचं एक रोप घेतलं. सोबतच्या चिठ्ठीवर नाव होतं एन्सेफॅलार्टोस हॉरिडस. गच्चीवरच्या मोठ्या सिरॅमिक कुंडीत लाल माती, शेणखत आणि कोकोपीट भरून त्यांनी ते लावलं. झाड वाळवंटी आहे म्हणून उन्हाळ्यात पाणी जेमतेम दिलं आणि पावसाळ्यात ते उघड्यावरच राहिलं. आता जुलै संपत आलाय, खालची तीन पानं पिवळी पडलीत आणि गेल्या वर्षभरात एकही नवीन पान आलेलं नाही. त्या विचारतात, खत कमी पडतंय का? कुंडीतून काढून बागेत लावू का? बाजूला एक पिल्लू आलंय, ते वेगळं करू का? ऑनलाइन बिया मिळतात, त्या घ्याव्यात का?

ताई, खत, बाग, पिल्लू, बिया हे सगळं नंतर. आज पावसाची उघडीप मिळाली की आधी खोड दाबून बघा. हातात जाड चामडी मोजा घाला, कारण या झाडाचे काटे कापडी हातमोजातून आरपार जातात. मातीच्या कडेलगत अंगठ्याने चारही बाजूंनी जोर द्या. खोड सुरणाच्या गड्ड्यासारखं घट्ट लागलं पाहिजे. मग शेंड्याजवळचं एक पान हलकेच ओढून बघा, ते जागचं हलता कामा नये. हे दोन्ही ठीक असेल तर तुमचं झाड जिवंत आहे आणि पिवळ्या पानांचं फार मनावर घेऊ नका. कुंडी छपराखाली, वारा खेळेल अशा ठिकाणी सरकवा, पाणी पूर्ण बंद करा आणि पिवळी पानं पूर्ण वाळेपर्यंत कापू नका. झाड त्यातलं अन्न परत ओढून घेत असतं.

पण एखाद्या बाजूला अंगठा आत गेला, आंबूस वास आला किंवा शेंड्याचं पान सहज हातात आलं, तर वाट बघू नका. झाड त्याच दिवशी कुंडीतून काढा, सगळी माती धुऊन टाका आणि धारदार सुरीने सडलेला भाग कापत जा. आतला निरोगी गर पांढरा ते फिकट पिवळा आणि टणक असतो. तपकिरी डाग दिसतोय तोवर कापायचं, एका ठिपक्यावरही दया दाखवायची नाही. कापताना पारदर्शक, चिकट डिंक पाझरेल. तो पाहून लोक घाबरतात, पण सायकॅडच्या अंगात असा डिंक असतोच, तो सडण्याचा भाग नाही. सुरी दर कापाला स्पिरिटने पुसा. मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब असं मिश्र बुरशीनाशक पाण्यात घट्टसर कालवून जखमेवर लावा. बहुतेक पानं कापून टाका, कारण मुळं नसताना झाडाला त्यांचा भार पेलत नाही. मग ते सावलीत दोन-तीन आठवडे उघडं वाळू द्या. पावसाळी हवेत जखम लवकर सुकत नाही, म्हणून पंखा लावायला लाजू नका. जखमेवर कडक खपली धरली की नुसत्या सिंडरमध्ये (कोळसा जळून उरलेले सच्छिद्र खडे) किंवा प्युमिसमध्ये (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) उभं करा. मुळं यायला कित्येक महिने लागतात. मधेमधे उपटून बघण्याचा मोह झाला तर स्वतःचेच हात बांधून ठेवा.

आता हे का झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

दुकानदार या झाडाला 'वाळवंटी' म्हणतात आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. हॉरिडस दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातला आहे. पोर्ट एलिझाबेथ, म्हणजे आताचं केबेर्हा, आणि युटेनहागे, म्हणजे आताचं करीएगा, या पट्ट्यातल्या कोरड्या झुडपी रानात खडकाळ उतारांवर तो वाढतो. प्रदेश कोरडा खरा, पण तिथला पाऊस वर्षभर थोडाथोडा विभागून पडतो. आपल्यासारखे चार महिने ओले आणि आठ महिने कोरडे, असा तिथला हिशेब नाही. खडकावर माती वीतभर, पडलेलं पाणी उतारावरून आणि फटींतून लगेच निघून जातं. म्हणजे या झाडाच्या मुळांना पाणी वरचेवर मिळतं आणि हवा कायम मिळते. आपण नेमकं उलट करतो. मे महिन्यात तहानलेलं ठेवतो आणि जुलैत दलदलीत उभं करतो.

खरोखर वाळवंटात राहणारे सायकॅडही याच नियमाने जगतात. मध्य ऑस्ट्रेलियात, अॅलिस स्प्रिंग्ज गावाजवळच्या मॅक्डॉनेल डोंगररांगांत मॅक्रोझामिया मॅक्डॉनेली नावाचा सायकॅड आहे. आजूबाजूला लाल वाळवंट पसरलेलं आणि हा मात्र घळींमध्ये, कड्यांच्या फटींत, जिथे पाणी झिरपतं तिथे वाढतो. निवडुंगाची शिस्त सायकॅडला लावू नका. वाढीच्या दिवसांत त्याला पाणी भरपूर हवं, फक्त ते थांबता कामा नये.

म्हणून मुद्दा मातीचा. तुमच्या कुंडीतलं लाल माती, शेणखत आणि कोकोपीट हे मिश्रण जास्वंदीला छान, याला जीवघेणं. कोकोपीट तर या झाडाच्या कुंडीत मी चिमूटभरही घालत नाही. ते वरून कोरडं दिसतं आणि तळाशी आठ-दहा दिवस ओलं राहतं. माझं मिश्रण साधं आहे. तीन भाग सिंडर किंवा प्युमिस, दोन भाग धुतलेली जाड वाळू किंवा क्रशरवरची बारीक खडी, एक भाग चाळलेला मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेलं, किमान वर्षभराचं पानखत. खडी वापरणार असाल तर तिची भुकटी चाळून, धुऊन काढा. ती राहिली तर कुंडीच्या तळाशी सिमेंटसारखा थर जमतो. अॅडेनियम लावणाऱ्यांना हे मिश्रण ओळखीचं वाटेल. त्यांच्याकडे तयार माल असेल तर त्यांच्याचकडून घ्या. मिश्रण बरोबर आहे का हे तपासायला कुंडीत तांब्याभर पाणी ओता. वर तळं न साचता काही सेकंदांत ते खालच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे. साचलं तर मिश्रण फेकून द्या आणि नव्याने करा.

कुंडी खोल हवी, रुंद नको. रोपाचं सोटमूळ सरळ खाली जातं, शिवाय सायकॅडची मुळं आकसून खोडाला खाली ओढतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांत झाड थोडं आत बसल्यासारखं दिसतं. झाडाच्या मानाने फार मोठी कुंडी घेऊ नका. ज्या मिश्रणात मुळं नाहीत ते ओलंच राहतं आणि सड तिथूनच सुरू होते. सिरॅमिकपेक्षा मातीची कुंडी बरी, तिच्या भिंतीतूनही ओल बाहेर जाते. लावताना खोडाचा वरचा निम्मा भाग मातीच्या वर ठेवा. आणि गच्चीवर कुंडी स्लॅबवर टेकवून ठेवू नका, खाली विटा द्या. मे महिन्यात स्लॅब खालून मुळं भाजून काढतो आणि पावसात तळाची भोकं स्लॅबला चिकटून बंद होतात.

कुंडीत हे झाड किती टिकेल अशी शंका अनेकजण विचारतात. लंडनच्या क्यू उद्यानात याच ईस्टर्न केपमधला, याच कुळातला एन्सेफॅलार्टोस अल्टेनस्टायनी १७७५ मध्ये पोचला. फ्रान्सिस मॅसन नावाच्या वनस्पतिसंग्राहकाने तो आणला होता. तो आजही तिथल्या पाम हाउसमध्ये कुंडीत आहे. आपल्याकडे पेशवाई होती तेव्हापासून! या काळात त्याला शंकू (पराग किंवा बिया धरणारं कणीस) धरल्याची एकच नोंद आहे, १८१९ सालची. तेव्हा वर्षभर पान आलं नाही म्हणून काळजी करणाऱ्यांनी थोडा दम धरायला हरकत नाही.

पाण्याचं वेळापत्रक मी तारखांवर देत नाही, बोट घालून बघूनच देतो. तरी अंदाज हवा म्हणून सांगतो. नाशिक-पुण्याच्या हवेत, वरच्या मिश्रणात, बारा इंची कुंडीला फेब्रुवारी ते मे पाच-सात दिवसांनी भरपूर पाणी द्या, तळातून वाहील इतकं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठ-दहा दिवसांनी. थंडीत पंधरा दिवसांनी, तेही सकाळी. पावसाळ्यात कुंडी पारदर्शक पत्र्याखाली असेल तर मिश्रण आतपर्यंत कोरडं झाल्यावरच. मिश्रण खरोखर मोकळं असेल तर मोठी, मुरलेली झाडं पुण्याच्या पावसात उघड्यावरही निभतात. कोकणात मात्र हा धोका कोणीही घेऊ नये. तिथे छप्पर हवंच, आणि छपराइतकाच वाराही हवा.

निळ्या रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांनी हे झाड त्यासाठीच घेतलेलं असतं. पान मुळात हिरवंच असतं. त्यावर मेणाचा पातळ पांढरट थर असतो आणि त्यामुळे ते निळं-रुपेरी दिसतं. पानावरून बोट फिरवा, जिथून फिरेल तिथे हिरवी रेघ उमटेल आणि ती पुन्हा भरून येत नाही. हा थर नीट यायला थेट ऊन लागतं. नवीन पान उलगडताना सावलीत राहिलं तर ते लांबट, मऊ आणि हिरवं निघतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. छोट्या रोपांची पानं हिरवट असणं मात्र नैसर्गिक आहे, वय वाढेल तसा रंग आणि पानांचा पीळ येत जातो. यातून निघणारी एक गोष्ट लक्षात ठेवा. निंबोळी तेल, साबणाचं पाणी, पानं चमकवायचे स्प्रे यांपैकी काहीही या झाडावर मारायचं नाही. तेल आणि साबण मेण उतरवतात. गुलाबाला मारता मारता उरलेला पंपभर फवारा यावर रिकामा करून लोकांनी निळं झाड एका दिवसात हिरवं केलेलं मी पाहिलंय. कीड दिसली तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तेवढीच जागा टिपा.

नाशिकच्या उन्हाला हे झाड घाबरत नाही. सावलीत वाढलेलं रोप एकदम मेच्या उन्हात ठेवलं तर करपेल, म्हणून हिवाळ्यात ऊन द्यायला सुरुवात करा. विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकतो तिथे कुंडीतल्या रोपांना दुपारपुरती पस्तीस टक्के सावलीची हिरवी जाळी द्या.

सायकॅड एकेक पान काढत नाही, आख्खा झुपका एकदम काढतो. त्याला आम्ही सरळ फ्लश म्हणतो. आपल्याकडे तो बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर किंवा पहिल्या सरींनंतर येतो. छोट्या किंवा नुकत्याच मुळं दुखावलेल्या झाडाने वर्ष-दीड वर्ष काहीच न काढणं यात नवल नाही. शेंड्यावरचे खवले फुगून मखमली दिसू लागले की फ्लश येणार असं समजा. त्या दिवसापासून पानं कडक होईपर्यंत, म्हणजे साधारण महिना-दीड महिना, कुंडी फिरवू नका, हलवू नका आणि पाणी चुकवू नका. कोवळी पानं वाकली, घासली किंवा तहानली तर तो व्यंग कायमचा राहतो.

खताचं सांगायचं तर तुमचं झाड उपाशी नाही, त्याचा श्वास कोंडलाय. सडक्या मुळांना खत घालणं म्हणजे अपाय. मुळं सावरली की वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये, हळूहळू विरघळणारं दाणेदार खत थोडं घाला. कच्चं शेणखत कधीच नको.

पिवळेपणाचे प्रकार मात्र ओळखायला शिका. खालची जुनी पानं पिवळी आणि झाड ओल्यात असेल तर मुळं. जुन्याच पानांवर कडेने पिवळा पट्टा आणि मध्यशिरेजवळ हिरवं उरलेलं असेल तर मॅग्नेशियम कमी, त्याला एप्सम सॉल्ट. पण नवीन फ्लशच पिवळा, आखूड, कुरळा आणि टोकाला जळका निघाला तर मँगनीज. मॅग्नेशियम आणि मँगनीज यांत दुकानातसुद्धा गल्लत होते, पाकीट नीट वाचून घ्या. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आणि क्षारयुक्त असतं, कुंडीच्या कडेला पांढरी खार चढते. अशा मातीत मँगनीज असलं तरी मुळांना उचलता येत नाही. पाण्यातून लिटरला एक-दोन ग्रॅम मँगनीज सल्फेट मुळांशी द्या आणि जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. बिघडलेली पानं सुधारत नाहीत, पुढचा फ्लश चांगला येतो.

कुंडी बदलताना मातीच्या वरच्या थरात तुम्हाला पोवळ्यासारखे फाटे फुटलेले, गाठाळ मुळांचे झुपके दिसतील. 'सूत्रकृमी झाले' म्हणून ते कापून टाकू नका. ही सायकॅडची खास मुळं आहेत, ती खाली जायच्याऐवजी वर येतात. त्यातलं एक आडवं कापून उजेडात धरा, कडेच्या आत निळसर हिरवी कडी दिसेल. तिथे नील-हरित जीवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. झाडाचा स्वतःचा खताचा कारखाना आहे तो, तिथे सुरी चालवू नका.

किडींत मुख्य त्रास खवले किडीचा. पानाच्या मागे पांढरे ठिपके दिसतात, नखाने खरवडले की निघतात. मुंग्यांची रांग लागली असेल तर पिठ्या ढेकूण शोधा, मुळांपाशीसुद्धा. शेजारी साधा सायकस असेल, ज्याला नर्सरीत सर्रास 'सागो पाम' म्हणतात, तर त्याच्या कोवळ्या पानांवर चिलाडीस पंडावा या छोट्या निळ्या फुलपाखराच्या अळ्या येतात आणि आठवड्यात सगळा फ्लश फस्त करतात. सायकसचे शेंडे फुगले की रोज सकाळी त्यावर नजर टाका.

बागेत लावायचं का? नाशिकच्या काळ्या मातीत खड्डा करून तर मुळीच नाही. काळ्या मातीतला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो, मग आत कितीही मुरूम घाला. जमिनीच्या वर दीड-दोन फूट मुरूम, खडी आणि दगडांचा उंचवटा करा, त्यावर लावा आणि बाजूला पाणी जायला उतार ठेवा. लॉनचे स्प्रिंकलर त्यावर येत नाहीत ना हे बघा. येण्याजाण्याच्या वाटेपासून किमान तीन फूट लांब. घरात कुत्रा असेल तर आणखी सावध राहा. सायकॅडच्या बिया, खोड, पानं सगळंच विषारी आहे. यकृतावर परिणाम होतो आणि बी चघळलेली कुत्री दगावतात. पण तुमचं झाड आजारी असताना ही हलवाहलव नको. ते घट्ट उभं राहून एक पूर्ण फ्लश काढू द्या, मग येत्या किंवा त्यापुढच्या फेब्रुवारीत ठरवा.

पिल्लूही आता काढू नका. जखम आणि पावसाळा ही जोडी वाईट. मूठभर जाडीचं झालं की थंडी ओसरताना काढा. बाजूची माती उकरून, मूळ खोडाला जिथे चिकटलंय तिथे एका कापात वेगळं करा. दोन्हीकडच्या जखमांना बुरशीनाशक लावा, पिल्लाची पानं काढा, दोन आठवडे सुकवा आणि कोरड्या सिंडरमध्ये बसवा. मूळ धरायला वर्षही लागू शकतं. पिल्लू आईच्याच लिंगाचं असतं हे माहीत असू द्या. सायकॅडमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि शंकू येईपर्यंत कोणतं कोणतं हे बाहेरून कळत नाही. या बाबतीतलं टोकाचं उदाहरण एन्सेफॅलार्टोस वुडी. १८९५ मध्ये जॉन मेडली वुड यांना दक्षिण आफ्रिकेतल्या आजच्या क्वाझुलु-नाताल प्रांतातल्या न्गोये जंगलात त्याचं एकच झाड सापडलं, नर. मादी आजवर मिळालेली नाही. जगात जितके वुडी आहेत ते सगळे त्या एका झाडाची पिल्लं.

ऑनलाइन 'ब्लू सायकॅड'च्या बियांवर मी पैसे घालणार नाही. परागण झालं नसलं तरी मादी झाडावर बिया भरतात, वरून अगदी धडधाकट लाल दिसतात आणि आत गर्भच नसतो. मूळ प्रदेशात भुंगेरे परागण करतात. आपल्याकडे ते नाहीत, त्यामुळे हाताने पराग टाकल्याशिवाय खरी बी तयार होणं कठीण. फलित झालेली बीसुद्धा झाडावरून पडते तेव्हा तिचा गर्भ अपुरा असतो. गर काढून, धुऊन, सावलीत काही महिने मुरवावी लागते, मग वाळूत आडवी अर्धी पुरून उबेत ठेवली की आधी मूळ येतं आणि बऱ्याच दिवसांनी पहिलं पान. विकत घ्यायचंच तर नर्सरीत बीपासून वाढवलेलं, दोन-तीन पानांचं रोप घ्या आणि विक्रेत्याकडे कागद मागा. एन्सेफॅलार्टोसच्या सगळ्या जाती साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहेत. परदेशातून कायदेशीर आलेल्या रोपामागे परवाने असतात, त्यांची प्रत विक्रेत्याने काढून द्यायला हवी. मोठं, वेडंवाकडं, मुळं करवतीने कापलेलं, आगीचे जुने डाग असलेलं खोड स्वस्तात मिळत असेल तर ते कुठल्यातरी डोंगरावरून उपटलेलं आहे असंच धरून चाला. दक्षिण आफ्रिकेत ही चोरी इतकी बोकाळलीय की २०१४ मध्ये केपटाउनच्या किर्स्टेनबॉश या राष्ट्रीय वनस्पती उद्यानातूनच दुर्मीळ सायकॅड उपटून नेले. भारतातही तिरुमलाच्या शेषाचलम डोंगरांतला आपला सायकस बेडोमी याच पहिल्या परिशिष्टात आहे, तोही कोणी 'जंगली सागो' म्हणून देऊ केला तर घेऊ नका.

खोड दाबून बघितलंत की काय लागलं ते कळवा. फोटो पाठवणार असाल तर पानांचा नको, मातीलगतच्या खोडाचा, चारही बाजूंनी काढून पाठवा.